तानूबाईच्या नावाने: निपाणी आणि बेळगावचे तीन दिवस

विजूचा फोन आला तेव्हा मी कोकणातल्या एका किनाऱ्याबद्दल लिहीत होते.

"तू लोकांना समुद्र दाखवतेस," ती म्हणाली. "एकदा निपाणीला ये. बघण्यासारखं काही नाही. पण ये."

विजू आणि मी एका महाविद्यालयात मराठी शिकवायचो. सहा वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडली आणि माहेरगावी, निपाणीला गेली. तिथे विडी कामगारांच्या वस्तीत तिने एक खोली भाड्याने घेतली. मंगळवारी तिथे डॉक्टरीणबाई येतात. संध्याकाळी मुली अभ्यासाला बसतात. वर्षातून एकदा बेळगावच्या एका ट्रस्टची गाडी येते आणि बायकांची कॅन्सरची तपासणी होते. यंदाची तपासणी तीन आठवड्यांवर आली होती. गेल्या वर्षीच्या कामाबद्दल मी चार पानं लिहून द्यावीत, असं तिचं म्हणणं होतं. फेब्रुवारी होता, ऊन चढलेलं नव्हतं. मी निघाले.

पुण्याहून निपाणीला सकाळची बस घ्या. तिकीट साडेपाचशेच्या आत बसतं. साताऱ्यापासून पुढे रस्ता जागोजाग खणलेला आहे, त्यामुळे सहा तास धरा आणि आठ लागले तर चिडू नका. कऱ्हाडजवळ बस जेवायला थांबते. तिथलं जेवू नका, भाकरी बरोबर ठेवा. कागल गेलं की पाट्यांवरची लिपी बदलते. माणसांची बोली तीच राहते.

मी कोल्हापूरला उतरून कर्नाटकची बस धरली होती. या बसमध्ये कर्नाटकातल्या बायकांना तिकीट नाही. आधार दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट देतो. मी पुण्याची, म्हणून पैसे दिले. माझ्या शेजारी एक म्हातारी होती.

"आधार दाखव, आक्का," कंडक्टर म्हणाला.

"काल दाखवलंतं की."

"काल कालचं. आज आजचं."

"एका रात्रीत मी काय दुसरी झालो व्हय रं?"

बस हसली. म्हातारीने कमरेची पिशवी सोडून आधार काढलं. इथल्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलतो' असं बोलतात. एका दिवसात कानाला सवय होते.

निपाणीत उतरलं की आधी नाक जागं होतं. तंबाखूच्या वखारी गावातच आहेत. पहिल्या तासात मला चार शिंका आल्या. नंतर वास जाणवेनासा झाला. विजू म्हणाली, सगळ्यांचं असंच होतं. स्टँडजवळ सातशे रुपयांत बरी खोली मिळते. मी विजूकडे राहिले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. सकाळी नऊला आम्ही तिच्या खोलीवर गेलो. पत्र्याचं छप्पर, भिंतीवर शरीराच्या आतल्या भागांचं चित्र, खाली चटया. डॉक्टरीणबाई अकराला येणार होत्या. दहा-बारा बायका आधीच येऊन बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. डॉक्टरांची वाट बघतानाही हात चालूच होते. पान घ्यायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड नखाने आत दाबायचं. बघणाऱ्याला ती एकच कृती वाटते.

मी एक करून पाहिली.

"अगं बाई, ही विडी हाय का गाजर?" एक म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. फुकणाऱ्याला दोन दिस पुरंल."

"मुकादमाला दाव. पुण्याचा माल म्हणून वर धाडंल."

त्या हसत होत्या आणि मध्येच खोकत होत्या. खोकल्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं.

तेवढ्यात रेखा आली. सदतीस-अडतीसची असेल. उंच, काठीसारखी. दारात थांबून तिने भिंतीला हात लावला आणि मग आत आली. विजूजवळ बसून हलक्या आवाजात बोलली. मी बाजूलाच होते.

"आक्का, अंगावरनं लई जातंय. आता वास बी येतोय."

"कधीपासून?"

"लई दिस झालं."

"मग आधी का नाही आलीस? गेल्या वर्षी तपासणी होती तेव्हा आली असतीस तर..."

"आलतो की!"

"नव्हतीस तू."

"व्हय गं आक्का, आलतो! तुम्हीच मला रांगंत पुढं बसवलंसा. आत टेबलावर झोपवून बघितलं. म्हणाल्या, कळवतो. निरोप काय आला न्हाय. म्हणलं, बरं असंल म्हणून आला न्हाय."

विजूने कपाटातून गेल्या वर्षीची वही काढली. नावावरून बोट फिरवत खाली आली. पुन्हा वर गेली.

"रेखा नाव नाहीच यात."

रेखा थोडी गोंधळली. मग तिचा चेहरा उजळला. आपल्याला उत्तर येतं, असा.

"माझं कशाला असंल? आत्तीचं बघा. तानूबाई."

इथे सासूला आत्ती म्हणतात. विजूने बघितलं. तानूबाई होती. वय चौसष्ट. शेरा होता: पुढील तपासणी तातडीने आवश्यक. त्यापुढे निळ्या पेनाने एक शब्द लिहिला होता. मयत.

हे कसं झालं ते सांगते.

विडी वळणारीकडे एक कार्ड असतं. त्या कार्डावर पान-तंबाखू मिळतो, त्यावरच माल जमा होतो, कामगारांच्या दवाखान्यात औषध मिळतं तेही त्यावरच. नवीन कार्ड सहज निघत नाही. म्हणून सासूच्या कार्डावर सून वळते, आईच्या कार्डावर लेक. कार्डवाली वारली तरी घरातलं कोणी ते सांगत नाही. मुकादमाला ठाऊक असतं, पण त्याला कोणी स्पष्ट शब्दांत सांगत नाही तोवर त्याला ठाऊक नसतं. तानूबाई तीन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. कार्ड चालू होतं. फोटोतल्या बाईच्या डोक्यावर पदर होता आणि चेहरा हाताळून पुसला गेला होता.

तपासणीच्या दिवशी दारातल्या टेबलावर ट्रस्टच्या मुलाने विचारलं, कार्ड आहे का? त्याला कुठलंही ओळखपत्र चाललं असतं. दवाखान्याच्या टेबलावर कार्ड मागितलं की रेखा गेली पंधरा वर्षं एकच कार्ड पुढे करत आली होती. तिने तेच पुढे केलं. त्याने नाव आणि वय उतरवून घेतलं. आत तपासणाऱ्या डॉक्टरांपुढे फक्त नंबर गेला.

महिन्याभराने सात नावं आली, ज्यांना लगेच बेळगावला न्यायला हवं होतं. विजूकडे तेव्हा संकेश्वरची एक मुलगी कामाला होती. ती घरोघर गेली. सहा बायकांना तिने नेलं. सातवीच्या नावापुढे मयत लिहून आणलं. विजूला वाटलं, तपासणीनंतर वारली असेल. वय चौसष्ट होतं. वाईट वाटलं, असं ती मला म्हणाली. मग तिने फाईल बंद केली.

चटईवरच्या सगळ्या वहीकडे बघत होत्या. हात मात्र चालू होते.

"आत्ती मरून बी माझ्या म्होरं उभी," रेखा म्हणाली आणि हसली. तिच्याबरोबर कोणी हसलं नाही.

मग एक बाई म्हणाली, "आक्का, मी बी जावंचं नाव सांगितलंतं."

दुसरी म्हणाली, "माझं आईचं हाय."

विजू वही उघडून बसली. एकेक नाव वाचत गेली आणि विचारत गेली: ही कोण? ही कोण? वहीत चांगला रिपोर्ट असलेली एक बाई प्रत्यक्षात दुसरीच होती आणि तिसरीच्या गोळ्या वर्षभर चौथी घेत होती. दुपारपर्यंत त्या वहीचं काही उरलं नाही. मी ज्या कामाबद्दल चार पानं लिहायला आले होते, ते काम याच वहीत होतं.

डॉक्टरीणबाईंनी रेखाला आत नेलं. पाच मिनिटांत बाहेर आल्या. विजूला म्हणाल्या, "उद्याच न्या."

संध्याकाळी विजूने संकेश्वरच्या त्या मुलीला फोन लावला. तिचं आता लग्न झालंय. तिला ते घर आठवत होतं. "मी तानूबाई आहेत का विचारलं, बाई. दारात शाळेच्या ड्रेसमध्ये एक पोरगी होती. आजी वारली म्हणाली. बरं म्हणून मी आले."

कधी वारली, हे तिने विचारलं नव्हतं. कोण कशाला विचारेल?

रेखाला एकच मुलगी आहे. अश्विनी. दहावीत. विजूच्या खोलीवर अभ्यासाला येणाऱ्या मुलींमध्ये तीच पुढे जाईल, असं विजू मला आदल्या रात्री सांगत होती. नर्सिंगला पाठवायचं तिच्या मनात होतं.

"हे तिला कळता कामा नये," विजू म्हणाली. "आमच्याकडून कोणी गेलंच नाही असं सांगायचं. कागद आला, आम्ही ठेवून दिला. चूक आमची."

"वस्ती काय म्हणेल तुला?"

"म्हणू दे."

तिसऱ्या दिवशी सकाळी सातची बस. निपाणी ते बेळगाव दोन तासांच्या आत होतं. डाव्या बाजूला बसा. तवंदीच्या घाटातून सकाळी खालची शेतं धुक्यात दिसतात. रेखा खिडकीत होती. तिने कंडक्टरला आधार दाखवलं आणि शून्याचं तिकीट घेतलं. आधारवर तिचं स्वतःचं नाव होतं. तिचा नवरा इचलकरंजीला मागावर असतो, रविवारी घरी येतो. त्याला सांगितलंस का, मी विचारलं.

"काय सांगू? अजून मला बी कुठं काय सांगितलंय कुणी?"

थोड्या वेळाने ती म्हणाली, "ताई, बेळगावात कुंदा चांगला मिळतोय न्हवं? अश्विनीला लई आवडतोय."

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. मोठं आहे, स्वच्छ आहे, बोलणारी माणसं वाईट नव्हती. खिडकीवरच्या बाईंनी गेल्या वर्षीचा रिपोर्ट मागितला. विजूने दिला. बाईंनी तो पाहिला, आधार पाहिलं, दोन्ही परत केले.

"ही तानूबाई. ह्या रेखा."

विजूने सगळं सांगितलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग ट्रस्टचं पत्र आणा. तानूबाई म्हणून तपासलेली बाई हीच, तानूबाई त्या आधीच वारल्या, असं. म्हणजे जुनी स्लाइड ह्यांच्या नावावर चढवता येईल. नाहीतर सगळं पहिल्यापासून. तपासण्या, मग डॉक्टरांची बैठक, मग तारीख. तीन-चार आठवडे धरा."

विजूने फोन काढला. रेखाने तिचा हात धरला.

"आत्ती वारली असं लिहिणार न्हवं त्यात?"

"लिहावंच लागेल."

"मग नको."

"रेखा, तीन आठवडे जातील गं."

"मुकादमाच्या कानावर गेलं की कार्ड गेलं, आक्का. माझं असंल नशिबात तर तीन आठवडं निघतील. कार्ड गेलं तर अश्विनी काय खाईल? तिचा बाप रविवारी येतो आणि सोमवारी जातो."

"कार्डाचं मी बघते."

"काय बघशीला? गेल्या वर्षी बी तुम्हीच बघितलंसा."

विजूने फोन पिशवीत ठेवला.

नवीन फाईल झाली. रेखाच्या नावाची, पहिलीच. तिने ती दोन्ही हातांत धरून नीट पाहिली. डॉक्टर तरुण होते. मराठी मोडकं होतं पण बोलत होते. तपासून झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

"वाट बघत होतो, साहेब," रेखा म्हणाली. "तुमच्या कागदाची."

त्यांनी विजूकडे बघितलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघी शिकलेल्या दिसत होतो.

चार वाजता मोकळ्या झालो. इथपर्यंत आलात तर खडेबाजारात जा, संध्याकाळीच जा, गाडी बाहेर ठेवा. कुंदा, म्हणजे इथली दुधाची मिठाई, ताजा असेल तर कडा ओलसर दिसतात. चव बघायला देतात, लाजू नका. रेखाने पाव किलो घेतला. माझे पैसे घेतले नाहीत. मग एका साडीच्या दुकानापाशी ती थांबली. शहापूरच्या मागावरची, जांभळी, बारीक काठाची साडी बाहेर टांगली होती.

"या आक्का, आत या," दुकानदार म्हणाला. "बघायला पैसे न्हाईत."

"बघून काय करू?"

"बघितलं की घ्यावंसं वाटतंय. एवढाच आमचा धंदा."

"नेसायला दिस तरी पायजेत की अण्णा," ती म्हणाली. त्याला ते गमतीचं वाटलं. तो मोठ्याने हसला.

निपाणीच्या बसमध्ये तिला आणि विजूला बसवून मी बेळगावातच, अनगोळला, विजूच्या बहिणीकडे गेले. रात्री त्यांनी भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. काय काय पाहिलंत, असं त्यांनी विचारलं. खडेबाजार, मी म्हणाले. सकाळच्या बसने पुण्याला आले.

विजूला चार पानं लिहून दिली नाहीत. तिने मागितलीही नाहीत.

तारीख पाच आठवड्यांनी मिळाली. तोवर ऑपरेशनची वेळ गेली होती. शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन बघू म्हणाले. शेकाच्या दुसऱ्या आठवड्यात लघवी बंद झाली. मग घरी न्या म्हणाले. अश्विनीने दहावीचे तीन पेपर दिले. चौथ्याच्या दिवशी आईला बेळगावहून आणायचं होतं. बाप होता, पण तो सही कुठे करायची ते विचारत उभा राहायचा, म्हणून तिलाच जावं लागलं. आता ती घरी असते. आईच्या उशाला बसून विड्या वळते. हात चांगला आहे, विजू म्हणाली.

वस्तीत विजूबद्दल बोललं जातं. कागद दाबून ठेवला म्हणतात. यंदाच्या तपासणीला गाडी आली तेव्हा मोजक्या बायका आल्या. विजूने दारात बसून प्रत्येकीला सांगितलं: कार्ड नको, आधार द्या. त्यावर आणखी दोघी परत गेल्या. खरं नाव दिलं की कार्ड कुणाचं, हे कळेल. खोलीचं भाडं तिने जूनपर्यंत भरलं आहे. त्यापुढचं ती बोलत नाही.

तुम्ही निपाणीला जावं का? जा. घाट सुंदर आहे, माणसं मोकळी आहेत, राहणं-जेवणं स्वस्त आहे. एखाद्या खोलीत बायका विड्या वळताना दिसल्या आणि फोटो काढावासा वाटला, तर आधी विचारा. त्या हो म्हणतील. नाव मात्र विचारू नका.

यात घरातल्या माणसांची नावं मी बदलली आहेत. तशी परवानगी घेतली आहे. ती फोनवर घेतली. परवा निपाणीहून पुन्हा फोन आला. मला वाटलं विजू असेल. अश्विनी होती.

"मावशी, एक इचारू?"

"विचार."

"मागच्या वर्षी एक बाई आलती घरी. आजीला इचारत. विजूआक्कांची होती न्हवं ती?"

विजूने काय सांगायचं ते मला पढवलं होतं. ते सगळं आठवत होतं.

"मी शाळंत निघालतो," ती म्हणाली. "आई माल द्यायला गेलती. मी म्हणलं, आजी वारली. त्या बरं म्हणल्या अन् गेल्या."

"हो."

"मी खोटं न्हाय बोललो, मावशी."

"नाही. तू खरंच सांगितलंस."

तिकडे आई झोपली असावी, कारण अश्विनी हळू बोलत होती. मग तिने विचारलं, "सोमवारी मुकादमाचा माणूस कार्डं बघाय येणार हाय. त्यानं आजीला इचारलं तर काय सांगू?"

मी म्हणाले, विचार करून कळवते. आज शनिवार आहे.